बकऱ्यांसाठी पैसे द्यावेत का?



नागपूरच्या विमानतळावरून ३० जून २०१८ ला जिवंत शेळ्या-मेंढ्या भरून एक विमान शारजाला जाणार होतं, हे तुमच्यापैकी पुष्कळजणींना आठवत असेल. धनगर समाजाचे नेते आणि तेव्हाचे राज्यसभा सदस्य डॉ. विकास महात्मे यांचा त्यात पुढाकार होता. आपल्या समाजानं जोरात विरोध केला, प्राणिमित्र मंडळी बरोबर होती, आणि ते उड्डाण झालं नाही. अजूनही दशलक्षणात चारजणी जमल्या की तो विषय निघतो आणि सगळ्यांना बरं वाटतं. मलाही वाटतं. मुके जीव भरून समुद्रापार पाठवायचे आणि आपल्या गावचं विमानतळ त्याचं दार व्हायचं, हे मला तेव्हा पटलं नाही, आजही पटत नाही.

पण त्या वेळी विमानाच्या बाजूनं एक मुद्दा मांडला जात होता, की मेंढपाळाला चार पैसे जास्त मिळतील. त्याला आपण काय उत्तर दिलं? आपण जनावराबद्दल बोललो, ते पाळणाऱ्याबद्दल बोललो नाही. विमान उडालं नाही म्हणून त्यातली एखादी मेंढी म्हातारी होऊन मेली असेल असं मला वाटत नाही. विकायला तयार झालेलं जनावर गरीब माणूस घरी ठेवत नाही. शारजा नाही तर जवळचा बाजार. आणि गिऱ्हाइकाची वाण नाहीच. धुळवडीच्या सकाळी आपल्याच नागपुरात मटणाच्या दुकानांपुढे रांगा लागतात, सावजी रस्सा तर गावाची ओळख म्हणून पाहुण्यांना सांगितला जातो. त्या रांगेत आपले शेजारी असतात, दिवाळीला आपल्याकडे फराळाचं ताट घेऊन येणारे. आपल्याला मात्र बोकड आठवतो तो फक्त बकरी ईदला. हे बरोबर नाही, एवढं जाता जाता सांगून ठेवते.

आता मुद्द्यावर येते. आमच्या महिला मंडळाचा एक छोटा साहाय्य निधी आहे. बिनव्याजी देतो, हप्त्यानं परत घेतो. शिलाई मशीन, पापडाचं सामान, मुलांची फी अशी कामं त्यातून होतात. यंदा उमरेडकडच्या एका खेड्यातल्या ताईंचा अर्ज आला. तीन एकर कोरडवाहू, कापूस आणि तूर, नवऱ्याला पाठीचं दुखणं. त्यांना चाळीस हजार हवे होते, पाच बकऱ्या घ्यायला. अर्ज वाचून संपायच्या आत सगळ्यांचं ‘नाही, नाही’ झालं. नकाराशी माझं भांडण नाही, मीही नाहीच म्हणाले. पण एकजण म्हणाल्या, “असले कसायाचे धंदे करतातच कशाला या?” तिथे मला बोलावं लागलं. त्या सभेत पाच मिनिटांत जे बोलले ते इथे सावकाश लिहिते, कारण असे अर्ज यापुढेही येणार आहेत.

‘करतातच कशाला’ याचं उत्तर वहीत असतं. मी बी.कॉम. झाले त्याला चाळीसच्या वर वर्षं झाली, पण कुणाचाही धंदा समजून घ्यायचा तर मी अजून जमा-खर्चच मांडते. त्या ताईंशी फोनवर बोलले आणि त्यांनी सांगितलेल्या अंदाजावरून मांडला. भाव दर बाजाराला हलतात, तेव्हा आकडे समजण्यापुरते धरा.

बकरी पाच महिने गाभण असते. नीट सांभाळली तर दोन वर्षांत तीनदा विते. आपल्या विदर्भातली बेरारी असो की मराठवाड्यातली उस्मानाबादी, जुळं होणं यांत नवलाचं नाही. पाच बकऱ्यांना वर्षाकाठी दहा करडं धरू. त्यातली दोन दगावतात, पहिल्या पावसात नाहीतर थंडीत. उरलेल्या आठांत चार बोकड, चार पाठी. दोन पाठी कळपात ठेवायच्या, दोन विकायच्या. बोकड दहा-अकरा महिन्यांत वीसेक किलोचा होतो. जिवंत वजनाला किलोमागे साडेतीनशे धरले तर एकाचे सात हजार, चारांचे अठ्ठावीस हजार. दोन पाठींचे दहा हजार. एकूण जमा अडतीस हजार. खर्चात जंताचं औषध, मीठ, पावसाळ्यात थोडी ढेप आणि कुटार, गोठ्यावरची ताडपत्री. सगळं मिळून आठ हजार. हातात तीस हजार.

आता वहीत न लिहिला जाणारा खर्च. बकऱ्या बांधावर, नाल्याकाठी चारून आणायच्या, बाभळीचा पाला पाडायचा, लेंड्या झाडायच्या, रात्री कुत्रं भुंकलं की उठून बघायचं. रोजचे चार तास धरले तर वर्षाचे चौदाशे साठ तास झाले. तीस हजारांना त्यानं भागा. तासाला वीस रुपये पडतात. (आपल्या स्वयंपाकघराची वही मांडली तरी मजुरीचा रकाना असाच कोरा राहील, पण तो वेगळा लेख आहे.)

मग तासाला वीस रुपयांसाठी ही बाई का राबते? शेतात मजुरीला गेली तर जास्त मिळतील. पण मजुरी रोज मिळत नाही, आणि मुख्य म्हणजे मजुरी साठवून ठेवता येत नाही. कापसाचा पैसा वर्षातून एकदा येतो, तोही आधी कृषी केंद्राची उधारी आणि बँकेचं पीककर्ज यांत जातो. जूनमध्ये बियाणं आणि शाळा एकाच आठवड्यात उभी राहतात. अशा वेळी दारातला बोकड विकता येतो, व्यापारी घरी येऊन नेतो, पैसे रोख मिळतात. आपण जशी पावती मोडतो तसा ती बोकड मोडते. आणि बहुतेक घरांत कापसाचा पैसा नवऱ्याच्या नावावर असतो, बकरीचा तिच्या हातात. शिलाई मशीन देऊ म्हणणाऱ्या मैत्रिणींना मी एवढंच विचारलं, रात्री दोन वाजता पोराला दवाखान्यात न्यायचं झालं तर शिलाई मशीन कोण विकत घेईल? आणि ज्या गावात आधीच सहा मशीनं आहेत तिथे सातवीवर काय शिवायचं?

अडचणीत विकावं लागतं तिथेच ती नागवली जाते. गावात वजनकाट्यावर व्यवहार कमी, बोकड कमरेला धरून उचलायचा आणि नगावर भाव ठरवायचा. घरातलं आजारपण व्यापाऱ्याला आधीच कळलेलं असतं. वीस किलोचा बोकड सोळाचा म्हणून गेला तर एका व्यवहारात चौदाशे रुपये गेले. चार बोकडांत साडेपाच हजारांवर, म्हणजे वर्षाच्या कमाईतला पाचवा-सहावा हिस्सा.

हे एकटीदुकटीचं नाही. २०१९ च्या पशुगणनेत देशात १४ कोटी ८९ लाख शेळ्या मोजल्या गेल्या, त्यांतल्या १ कोटी ६ लाख आपल्या महाराष्ट्रात. २०१२ च्या मानानं दोन्हीकडे वाढच. त्याच सात वर्षांत महाराष्ट्रातला गोवंश साधारण १ कोटी ५५ लाखांवरून १ कोटी ४० लाखांवर आला. मधे २०१५ मध्ये बैलाच्या कत्तलीवरही बंदी आली, आपण तिचं स्वागत केलं. या आकड्यांची मी एकास एक गाठ घालणार नाही, दुष्काळ, ट्रॅक्टर, चाऱ्याची टंचाई अशी बरीच कारणं त्यात असतात. पण म्हातारा बैल विकता येत नाही आणि बकरी येते, हे कोरडवाहू शेतकऱ्याच्या बायकोला कुणी समजावून सांगावं लागत नाही.

आता आपल्या बाजूची वही. धर्म याबद्दल काय म्हणतो ते मी वाचून पाहिलं, कारण सभेत ‘पाप लागेल’ एवढ्यावर विषय संपतो आणि कुठलं पाप, कुणाला, ते राहून जातं.

हेमचंद्राचार्यांच्या योगशास्त्रात श्रावकानं टाळायचे पंधरा धंदे सांगितले आहेत, त्यांना कर्मादान म्हणतात. त्यांत केशवाणिज्य आहे, म्हणजे दोन पायांच्या आणि चार पायांच्या जिवांची खरेदी-विक्री. निर्लांछन कर्म आहे, म्हणजे जनावराला डागणं, नाक टोचणं, खच्ची करणं. बोकड लवकर भरावा आणि मटणाला उग्र वास येऊ नये म्हणून त्याला लहानपणीच खच्ची करतात, हे त्या ताईंनी मला सहज सांगितलं. माझ्या अंगावर काटा आला, त्यांना त्यात विशेष काही वाटलं नाही. तेव्हा हा धंदा आपला नाही, यात मला तिळमात्र शंका नाही. जनावर पाळणं हे निषिद्ध नाही. श्वेतांबर आगमांतल्या उपासकदशा सूत्रात वाणिज्यग्रामच्या आनंद श्रावकाकडे दहा-दहा हजार गाईंचे चार कळप होते असं सांगितलं आहे. पण जीव वाढवायचा तोच सुरीखाली देण्यासाठी, तिथे संकल्प आला, आणि संकल्पी हिंसा श्रावकाला पहिल्या पायरीलाच सोडावी लागते. यशोधर राजाची कथा आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलेली आहे. पिठाच्या कोंबड्याचा बळी दिला, तरी मायलेकांना मोर, कुत्रा, मासा, बकरा असे जन्म घ्यावे लागले. (पुष्पदंतांचं जसहरचरिउ आपल्या कारंज्याच्या जैन ग्रंथमालेनं १९३१ मध्ये डॉ. प. ल. वैद्यांकडून संपादून घेऊन छापलं. कुणाकडे जुनी प्रत असेल तर मला कळवा.) पीठ मेलं नाही, पण मारायची इच्छा होतीच. म्हणून कृत, कारित आणि अनुमोदना या तिन्हींची मोजणी आपण करतो. बकऱ्या घ्यायला पैसे देणं हे माझ्या मते कारितात येतं. म्हणून नाही.

पण हा नकार आपल्या व्रतासाठी आहे. ती बाई पापी म्हणून नाही. तिनं अणुव्रत घेतलेलं नाही, ती तिच्या पोटासाठी करते. आणि आपला हात स्वच्छ आहे असं म्हणायच्या आधी आपल्या फ्रीजमधलं दही आठवा. आपलं बरंचसं दूध म्हशीचं. म्हशीला रेडकू झालं, तो हल्या निघाला, तर त्याचं पुढे काय होतं? २०१५ चा कायदा म्हशीच्या वंशाला लागू नाही. मी दूध सोडा म्हणत नाही, माझ्याच घरी सकाळी दोन लिटर येतं. पण दूध ज्या गोठ्यातून येतं त्याच गोठ्यातून हल्या जातो हे ठाऊक असताना दुसरीला कसाई म्हणायला माझी जीभ वळत नाही.

कुणी म्हणेल, सगळी विक्रीच कायद्यानं बंद करा. उपासकदशेतच महाशतक श्रावकाची बायको रेवती आहे. तिला मांसाची चटक. राजगृहात हत्याबंदीची दवंडी पिटली गेली, तर तिनं काय केलं? माहेरच्या कळपातली दोन वासरं रोज मारून आणायला माहेरच्या नोकरांना सांगितलं. बंदी राजाची, घर महाश्रावकाचं, तरी रोजची दोन वासरं गेलीच. ही गोष्ट सांगणाऱ्यांना माणसाची जात चांगली ठाऊक होती.

जीव सोडवण्याबद्दलही बोलते, कारण आमच्या सभेत तो पर्याय सगळ्यात लाडका होता. जून २०२४ मध्ये दिल्लीच्या चांदणी चौक भागातल्या जैन मंडळींनी बकरी ईदच्या तोंडावर सुमारे पंधरा लाख रुपये जमवून १२४ बोकड विकत घेतले आणि वाचवले. त्यांच्या भावनेपुढे मी हात जोडते. पण भागाकार करा. एका बोकडाला बारा हजार. विकणाऱ्याच्या वहीत ती विक्रीच, आणि ऐन हंगामातली, चढ्या भावाची. पुढच्या वर्षी तो १२४ जास्त आणेल. दुसरी गोष्ट, बोकड दहा-बारा वर्षं जगतो. रोजचा चारा-पाणी पंचवीस रुपये धरला तरी वर्षाला नऊ हजार एकशे पंचवीस, दहा वर्षांत नव्वद हजारांवर. म्हणजे बारा हजार देऊन आपण नव्वद हजारांची जबाबदारी उचलतो. ती पुढे कोण निभावणार हे आधी कागदावर लिहिलेलं नसेल तर तो बोकड गोशाळेच्या कोपऱ्यात अर्धपोटी उभा राहतो. अन्नपाननिरोध हा अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांतला एक आहे. वाचवलेल्या जिवालाच उपाशी ठेवलं तर अतिचार आपल्या खात्यावर. ज्यांची ऐपत आहे त्यांनी एक बोकड आयुष्यभरासाठी घ्यावा, त्याला मी नाही म्हणणार नाही. मंडळाच्या निधीचं मात्र हे काम नाही.

मग त्या ताईंना काय द्यायचं? मी दोन गोष्टी सुचवल्या. पहिली सगळ्यांना मान्य झाली: दवाखाना आणि शाळेच्या फीसाठी अडीअडचणीची उचल, कुठलीही अट न घालता, कळवल्याच्या दुसऱ्या दिवशी. यानं बोकड वाचेल असा दावा मी करत नाही. तो दोन महिन्यांनी विकला जाईलच. पण गरज म्हणून पडत्या भावात विकायची वेळ तिच्यावर येणार नाही, आणि एखादी गाभण पाठ तरी घाईनं व्यापाऱ्याच्या गाडीत चढणार नाही.

दुसरी गोष्ट वादाची ठरली. मी म्हटलं, त्या गावातल्या बकऱ्यांच्या लसीकरणाचा आणि औषधांचा खर्च आपण उचलावा. पीपीआर नावाचा विषाणूचा आजार शिरला की करडं पटापट मरतात, नाकातोंडातून पाणी, तोंडात फोड, हगवण. त्याची लस आहे, सरकार देतं, २०३० पर्यंत हा रोग देशातून घालवायचं केंद्राचं उद्दिष्ट आहे. दुसरा आंत्रविषार. पावसाळ्यात कोवळं गवत भरपूर खाल्लं की होतो, संध्याकाळी ठणठणीत असलेलं करडू सकाळी मेलेलं सापडतं. गाव दवाखान्यापासून लांब, आणि पाच बकऱ्यांसाठी दिवस मोडून जायला बाईला परवडत नाही. मग आपण डॉक्टरांना गावात नेण्याची सोय केली तर? यावर लगेच प्रश्न आला, “लस टोचून बोकड धडधाकट झाला की जास्तच भावाला विकला जाईल. हीसुद्धा अनुमोदनाच नाही का?”

प्रश्न चांगला आहे, त्यावर मी दोन रात्री विचार केला. माझं उत्तर असं. आपल्या समाजाचे धर्मादाय दवाखाने गावोगाव आहेत. तिथे दारात कुणी विचारत नाही की रात्री काय जेवलात आणि बरे झाल्यावर काय जेवणार. औषधदान दुःखात असलेल्या जिवाला दिलं जातं. करडाच्या तोंडात फोड आलेत, त्याला गिळता येत नाही, ते दुःख आजचं आहे. पुढे त्याचं काय होणार ते आपल्या हातात नाही आणि आपल्या इच्छेनंही होणार नाही. बकऱ्या घ्यायला पैसे देताना मात्र विक्री हाच त्या पैशाचा हेतू असतो. फरक संकल्पाचा आहे, आणि आपला सगळा धर्म त्या एका शब्दावर उभा आहे.

वजनकाट्याचं मात्र मला नीट सुटलेलं नाही. खोटं माप हा अचौर्य व्रताचा अतिचार, हीनाधिकमानोन्मान. फसवणुकीला विरोध करणं आपलं कामच. पण टांगायचा काटा आपण विकत दिला तर तो उघडच विक्रीचा भाग झाला. सध्या मी असं ठरवलंय की काटा निधीतून द्यायचा नाही, पण हिशोब कुणीही विचारला तर शिकवायचा. टेपनं छातीचा घेर आणि अंगाची लांबी मोजून वजनाचा बऱ्यापैकी अंदाज निघतो, ते गणित मी त्या ताईंच्या मुलीला फोनवर सांगितलं. आठवीत आहे, एकदाच सांगावं लागलं. कुणाला हे ढोंग वाटलं तर वाटू दे.

आणि ज्यांना रस्त्यावर उतरायचंच आहे, आवाज करायचाच आहे, त्यांच्यासाठीही काम आहे. प्राण्यांच्या वाहतुकीचे नियम १९७८ पासून लागू आहेत. साडेचार-पाच टनांच्या मालट्रकमध्ये चाळीसपेक्षा जास्त शेळ्या-मेंढ्या भरायच्या नाहीत, खाली गवत-पेंढ्याचा थर हवा. आपल्या रस्त्यांवरून जाणाऱ्या गाड्या कधी थांबून मोजल्यात का? एकावर एक कोंबलेली, पाय अडकलेली, उन्हात तासन्‌तास पाण्यावाचून. बंध, वध, छेद, अतिभारारोपण, अन्नपाननिरोध, या पाचांतले तीन-चार अतिचार एका ट्रकमध्ये दिसतात. यात पाळणाऱ्या बाईचं काहीच जात नाही. उलट ती आपल्या बाजूनं बोलेल, कारण जनावर हाल होऊन जावं असं तिलाही वाटत नाही. करडाला बाटलीनं दूध पाजून वाढवलेलं असतं तिनं. विमानाच्या वेळी आपण जेवढी निवेदनं दिली त्याच्या चौथा हिस्सा जरी या ट्रकांसाठी दिली, आणि तीही वर्षभर, फक्त सणाच्या आठवड्यात नाही, तर एखाद्या नाक्यावर तरी मोजणी सुरू होईल. फक्त एक पथ्य पाळा: गाडी आपण स्वतः अडवायची नाही, चालकाच्या अंगावर जायचं नाही. नंबर लिहून घ्यायचा, फोटो काढायचा, तक्रार लेखी करायची आणि पोच घ्यायची. जीवदयेच्या नावावर माणसाला मारहाण झाल्याच्या बातम्या आपण वाचतो. त्यात आपल्यापैकी कुणी असू नये.

लसीचं पुढचं असं, की आंत्रविषाराची लस पावसाळ्याआधी टोचावी लागते, म्हणजे मे संपायच्या आत डॉक्टरांची तारीख ठरायला हवी आणि त्याआधी गाडीभाडं जमायला हवं. गावात मिळून सव्वाशे-दीडशे बकऱ्या आहेत. जंताच्या औषधासकट दहा हजारांच्या आत बसेल असा माझा अंदाज आहे, पावत्या सभेत ठेवीन. ज्यांना यात अनुमोदना दिसते त्यांनी पैसे देऊ नयेत, मनाविरुद्धचं दान मला नको. पण त्यांनी भांडायला धरमपेठेत माझ्याकडे जरूर यावं. चहा-पोहे मिळतील. सूर्यास्ताच्या आत या.